इंग्रजीच्या तासाला ‘जरी–तरी’ म्हणावे की नाही?

नीराकाठ (धागाकर्ती)

सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या एका शाळेत मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते आणि यंदा या कामाला अठरा वर्षे पूर्ण होतील. हा धागा काढण्याचे निमित्त एक शब्द आहे. काही आठवड्यांपूर्वी झालेल्या एका प्रशिक्षणात आम्हांला बजावण्यात आले की इंग्रजीच्या तासिकेत शिक्षकाने मराठीचा एकही शब्द उच्चारू नये, आणि मुलांनी मराठीत विचारले तरी उत्तर इंग्रजीतच द्यावे. त्यानंतर लगेचच सातवीच्या धड्यात ‘ऑल्दो’ हा शब्द आला. मी सांगितलेला नियम प्रामाणिकपणे पाळला. छत्रीवाचून भिजत निघालेला मुलगा फळ्यावर काढला, कुडकुडण्याचा अभिनय केला, सोप्या इंग्रजीत तीन उदाहरणे दिली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील बारा-तेरा मिनिटे त्यात गेली. मुलांना पाऊस कळला, छत्री कळली, माझा अभिनय आवडला. शब्द मात्र कळला नाही, कारण ‘ऑल्दो’चे चित्र काढता येत नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, “अगं, जरी-तरी.” ती कुजबुज बाकांवरून पुढे सरकत आली आणि अर्ध्या मिनिटात सगळा वर्ग माना डोलवू लागला.

इथवर ही गोष्ट मराठीच्या बाजूची वाटेल, म्हणून पुढचा भागही सांगते. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टू स्कूल’ असे वाक्य होते. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ मागोमाग येतोच, त्यामुळे मुलांनी ‘तरी’साठी इमानेइतबारे ‘बट’ आणून बसवला होता. म्हणजे ज्या मराठीने अर्थ दिला, तिनेच चूकही दिली. ती चूक मी मराठीतच सोडवली. फळ्यावर ‘जरी’ आणि ‘तरी’ लिहून सांगितले की आपल्याकडे ही जोडी एकत्र कामाला येते, इंग्रजीत मात्र जोडीतील एकालाच बोलावतात. ‘ऑल्दो’ आला तर ‘बट’ घरी राहतो आणि ‘बट’ आला तर ‘ऑल्दो’ घरी राहतो. याला दोन मिनिटे लागली. हेच स्पष्टीकरण बारा वर्षांच्या मुलांना इंग्रजीतून देता येईल, असे मला वाटत नाही.

या क्षेत्रातील आणि क्षेत्राबाहेरील जाणकारांना माझा प्रश्न असा आहे : मराठी ठेवावी की नाही, एवढाच हा वाद आहे, की ती कुठे खर्च करावी, हा खरा मुद्दा आहे?

निवृत्त मास्तर

ताई, आपला अनुभव प्रामाणिक आहे, तरीही मी असहमती नोंदवतो. चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक म्हणून इतरांचे तासही मागे बसून पाहिले. आधी हिशेब करू. आठवड्याला सहा तासिका प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या धरल्या, तर २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास होतात. हजेरी, वह्या वाटणे आणि दंगा आवरणे यांत त्यातला काही वेळ जातोच. खेड्यातील मुलाच्या कानावर आठवडाभरात जे सलग, अर्थपूर्ण इंग्रजी पडते, ते एवढ्याच वेळात. घरी, एस.टी.त, बाजारात किंवा शेतावर त्याला इंग्रजीत कोणी हाक मारणार नाही. या साडेतीन तासांतून आपण मराठीला वाटा काढून दिला, तर तो भरून काढायला दुसरी जागा नाही.

मी पाहिलेले तास असे असत. शिक्षक एक ओळ इंग्रजीत वाचतात, लगेच तिचे मराठी सांगतात, मग पुढची ओळ. मुले हुशार असतात; दोन आठवड्यांत त्यांच्या लक्षात येते की इंग्रजी ओळ ऐकली नाही तरी चालते, कारण तिच्या पाठोपाठ मराठी येणारच आहे. मग इंग्रजी ओळीच्या वेळी मुले खिडकीबाहेर पाहतात आणि मराठी ओळीला मान वर करतात. वर्षाच्या शेवटी त्यांना धड्याची गोष्ट पाठ असते, वहीत शब्दार्थांच्या दोन सुबक रांगा असतात, आणि एक साधे वाक्य विचारले की ती म्हणतात, “सर, मराठीत सांगा ना.”

दुसरे कारण थोडे बोचरे आहे, पण सांगायला हवे. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तोवर मराठी शाळांत ते पाचवीपासून होते. जे शिक्षक स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले होते आणि ज्यांना इंग्रजी शिकवण्याची वेळ कधी येईल असे स्वप्नातही वाटले नव्हते, त्यांच्यावर ते अचानक पडले. त्यांना दोष देत नाही. पण त्या वर्गांतील मराठी ही अध्यापनाची पद्धत नव्हती. शिक्षकाच्या संकोचाचा तो आडोसा होता. तुमच्यासारख्या चांगल्या शिक्षिकेने मराठीचे समर्थन केले की त्या आडोशालाही मान्यता मिळते, ही माझी खरी भीती आहे.

नीराकाठ

सर, ओळीमागे ओळ भाषांतर करण्याबद्दल आपण लिहिलेले शब्दन् शब्द मान्य आहे. पहिली चार वर्षे मीही तेच केले. आडोशाचा मुद्दाही मान्य. परंतु संकोच वाटणाऱ्या शिक्षकाला मराठी बंद केल्याने इंग्रजी येऊ लागत नाही. माझ्या पाहण्यात असे शिक्षक बंदीनंतर मराठी सोडून इंग्रजी बोलू लागले नाहीत. ते गप्प बसू लागले, किंवा फळ्यावर उत्तरे लिहून देऊन मुलांना उतरवून घ्यायला सांगू लागले.

शब्दवेध

‘एकही शब्द नको’ हा नियम कुठून आला, हे पाहिले तर त्याचा धाक बराच कमी होतो, म्हणून थोडा इतिहास देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातही परकी भाषा शिकवण्याची रूढ पद्धत व्याकरण आणि भाषांतर हीच होती; लॅटिन आणि ग्रीक जशा शिकवत, तशाच जिवंत भाषाही. आपल्याकडची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच घराण्यातली, आणि ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्दप्रयोग आजही कुत्सितपणे वापरला जातो, यावरून तिचा पगडा किती होता हे कळते. या पद्धतीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून ‘प्रत्यक्ष पद्धत’ पुढे आली. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे भाषाशाळा काढली. त्यांनी फ्रेंच शिकवायला नेमलेल्या साहाय्यकाला इंग्रजी येतच नव्हते. बर्लिट्झ आजारी पडले, काही आठवड्यांनी वर्गात परतले, तर विद्यार्थी त्या साहाय्यकाशी फ्रेंचमध्ये बोलत होते, अशी कथा सांगितली जाते. कथेतील मीठमसाला वजा केला तरी एक गोष्ट उरते : ज्या शिक्षकाला विद्यार्थ्यांची भाषा येत नाही, त्याची अडचण हाच पुढे पद्धतीचा गुण ठरला.

पुढे १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनविषयक परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, आदर्श शिक्षक तो ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे, जितक्या लवकर सुरुवात तितके चांगले, जितके जास्त इंग्रजी तितके चांगले, आणि दुसऱ्या भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, असे पाच विचार तिथून पुढे अध्यापनशास्त्रात जवळजवळ गृहीत धरले गेले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात या पाचही गृहीतकांना भ्रम म्हटले आणि त्यांचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न विचारला. ज्या देशांत शिक्षक आणि विद्यार्थी एकच भाषा बोलतात, तिथे ती भाषा दाराबाहेर ठेवण्याचे शास्त्रीय कारण कधी नीट दिलेच गेले नव्हते.

आता निवृत्त मास्तरांच्या हिशेबाकडे येतो, कारण तो गंभीर आहे. याच हिशेबाला उत्तर म्हणून वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी द्विभाषिक पद्धत मांडली; त्यांचे पुस्तक १९६७ चे. तिच्यात शिक्षक इंग्रजी वाक्य म्हणतो, मग त्याचा अर्थ एकदाच मातृभाषेत सांगतो आणि लगेच तेच वाक्य पुन्हा इंग्रजीत म्हणतो. मातृभाषा शिक्षकाच्या तोंडी येते. विद्यार्थ्यांच्या तोंडी फक्त नवी भाषा असते. पुढच्या काळात या रचनेला ‘सँडविच’ असे खाद्य नाव पडले. अर्थ पोहोचवण्यात वाचलेली मिनिटे बोलण्याच्या सरावाला द्यायची, हा तिचा मूळ हेतू आहे. ताईंनी ‘ऑल्दो’वर घालवलेल्या बारा-तेरा मिनिटांत ‘जरी-तरी’ एकदा सांगून प्रत्येक मुलाकडून दोन-दोन वाक्ये म्हणवून घेता आली असती. तेव्हा वेळेचा हिशेब मास्तर समजतात त्याच्या उलट बाजूलाही झुकतो.

पाटीपेन्सिल

मी शिक्षक नाही; तर्खडकरी पिढीचा विद्यार्थी आहे, एवढाच माझा अधिकार. मला मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत पाने पाने भाषांतर करता येई, अकरावीत वर्तमानपत्राचे अग्रलेख अडखळत का होईना समजत, आणि याचा पुढे नोकरीत टिपणे लिहिताना खूप उपयोग झाला. पण पहिल्यांदा मुंबईत एका कार्यालयाच्या खिडकीशी इंग्रजीत विचारणा झाली, तेव्हा मी आधी मराठीत वाक्य जुळवले, त्यातील क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणले, काळ तपासला, आणि तोंड उघडले, तेव्हा खिडकीतला माणूस माझ्या मागच्याशी बोलत होता. भाषांतराने माझे इंग्रजी पक्के केले आणि संथही केले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. धाग्यातील मंडळी यांतली एकच निवडतात, असे मला वाटते.

संशयात्मा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषेतून शिकवा, असे स्पष्ट लिहिलेले असताना प्रशिक्षणात मराठीला बंदी घालतात, हा धोरणाचाच भंग नाही का? दुसरे असे की इंग्रजी शब्दांचे उच्चार मुलांना देवनागरीत लिहू द्यावेत का? आमच्या मुलीच्या शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली होती.

शब्दवेध

पहिल्या प्रश्नापुरते : धोरणातील ते वाक्य माध्यमाविषयी आहे. जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही, शिक्षणाचे माध्यम घरची भाषा किंवा मातृभाषा असावी, असे त्यात म्हटले आहे. मराठी शाळेतील इंग्रजी या विषयाच्या तासाला काय करावे, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो त्या वाक्याने सुटत नाही. मात्र त्याच धोरणात ज्या मुलांची घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी आहे, त्यांच्यासाठी द्विभाषिक साहित्य आणि द्विभाषिक अध्यापन वापरण्यास उत्तेजन दिले आहे. त्यामुळे बंदीचा आधार म्हणून हे धोरण पुढे करता येणार नाही, एवढे नक्की.

नीराकाठ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहिते, कारण त्या लाल रेघा मीही पुष्कळ मारल्या आहेत आणि आता मारत नाही.

इंग्रजीचे स्पेलिंग उच्चाराशी इतके फटकून वागते की मुलाला कुठेतरी आवाज टिपून ठेवावाच लागतो, आणि आपल्याकडे त्यासाठी तयार लिपी आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे आपण इंग्रजी शब्दांसाठीच रूढ केली. मुलगा ‘नाइफ’ असे स्पेलिंगखाली लिहितो, तेव्हा पहिल्या अक्षराचा उच्चार होत नाही हे त्याने नोंदवलेले असते. तरीही या टिपणाच्या मर्यादा मुलांना दाखवाव्या लागतात. ‘व्ह’ आपण ‘व्हॅन’लाही लावतो आणि ‘व्हाय’लाही, म्हणजे इंग्रजीतील दोन वेगळे आवाज आपल्या एका अक्षरात जाऊन बसतात. ‘शिप’ आणि ‘शीप’ असे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहिले तरी बोलताना आपली मुले ते सारखेच म्हणतात. आघात तर देवनागरीत दिसतच नाही, आणि इंग्रजीत त्यावर पुष्कळ अवलंबून असते. दुसरीकडे काही गोष्टी मराठी मुलाला फुकट मिळतात. ‘झेब्रा’तला आवाज शिकवताना मी ‘जिल्हा’तला ज विसरून ‘जाळे’तला ज आठवायला सांगते, एका मिनिटात काम होते, कारण त्याच्या जवळपासचा आवाज मुलाच्या घरातच आहे. म्हणून देवनागरी टिपण पेन्सिलीने करावे आणि शब्द तोंडात बसला की मुलाने ते स्वतः खोडावे, असा आमच्या वर्गातील रिवाज आहे.

सातपुडा

धागा सुरुवातीपासून वाचतो आहे आणि सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती मला खटकते. विद्यार्थ्यांची भाषा म्हणजे मराठी, हे समीकरण महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना लागू नाही. मी मेळघाटात शिकवतो. माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. पहिलीत येणाऱ्या मुलाला मराठी हीच शाळेत भेटलेली पहिली परकी भाषा असते, मग हिंदी कानावर पडत असतेच, आणि त्यात इंग्रजी. आपण ज्याला ‘मराठीतून समजावून सांगणे’ म्हणता, ते माझ्या वर्गात एका न कळणाऱ्या भाषेचा अर्थ दुसऱ्या अर्धवट कळणाऱ्या भाषेत सांगणे असते. माझ्या पहिल्या वर्षी मी ‘अम्ब्रेला म्हणजे छत्री’ असे मोठ्या समाधानाने सांगितले आणि वर्गाने दोन्ही शब्द एकाच निर्विकार चेहऱ्याने पाठ केले.

मी विदर्भातला, कोरकू मला येत नव्हती. आजही कामापुरतीच येते. ती शिकताना एक गोष्ट सापडली. ‘कोरकू’ या नावातच अनेकवचन आहे : ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे ‘कोरकू’ म्हणजे माणसे. एकाहून अधिक दाखवण्यासाठी इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ‘एस’ का चिकटतो, हे सांगताना आधी मी मराठीचा आधार घेई आणि फसत असे. मराठीत ‘घर–घरे’, ‘नदी–नद्या’, ‘दगड–दगड’ असे प्रत्येक शब्दाचे वेगळेच काही होते. कोरकू मुलाला मात्र, शेवटी एक तुकडा लावला की माणसांचा घोळका तयार होतो, हे त्याच्या जमातीच्या नावापासून माहीत असते. ‘बॉय–बॉइज’ त्यांना त्या वाटेने गेल्यावर लगेच कळले. एका मुलीने उलट मलाच विचारले की दोनच मुलगे असतील तर इंग्रजीत काय लावायचे, कारण कोरकूत दोघांसाठी वेगळे वचन आहे. इंग्रजीत दोघांसाठी वेगळे काही नाही, हे ऐकून तिला इंग्रजी जरा गरीब भाषा वाटली असावी.

तेव्हा धागाकर्तीच्या प्रश्नात मी एक शब्द घालतो : कोणाची भाषा? निवृत्त मास्तर ज्या शिक्षकांबद्दल लिहितात त्यांना निदान मुलांची भाषा येत होती.

निवृत्त मास्तर

सातपुडा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या कारकिर्दीत वर्गात पारध्यांची आणि बंजारा तांड्यावरची मुले होती. त्यांच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे मी एकदाही विचारले नव्हते. त्यांची मराठी ‘अशुद्ध’ आहे, एवढेच मी प्रगतिपुस्तकात लिहिले.

दूरदेशी

अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. सासूबाई साठीच्या उंबरठ्यावर इकडे आल्या आणि ग्रंथालयात चालणाऱ्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गाला जाऊ लागल्या. त्या वर्गात स्पॅनिश, गुजराती, कोरियन, अरबी आणि पोर्तुगीज बोलणारे लोक होते, शिक्षिकेला यांपैकी फक्त स्पॅनिश थोडी येत होती. तिथे इंग्रजीतून इंग्रजी शिकवण्याला पर्यायच नव्हता, आणि शिक्षिका चित्रांनी, हावभावांनी, डाळ-तांदळाची पाकिटे वर्गात आणून ते उत्तम निभावत होती. म्हणजे बर्लिट्झची पद्धत तिच्या योग्य जागी मी पाहिली आहे. गंमत अशी की सासूबाईंच्या वहीत प्रत्येक पानावर समासात मराठी होतेच. शेजारच्या गुजराती बाई आणि त्या एकमेकींना अर्थ विचारत, कधी हिंदीत, कधी नुसत्या खुणेने. शिक्षिकेने मनाई केली नाही. शिकणाऱ्याची भाषा वर्गाबाहेर ठेवता येते, डोक्याबाहेर ठेवता येत नाही, असे तेव्हा जाणवले.

निवृत्त मास्तर

डोक्यातल्या मराठीला माझा विरोध नव्हता आणि नाही. प्रश्न शिक्षकाच्या तोंडातल्या मराठीचा आहे. ताई, आपण ‘कुठे खर्च करावी’ असे विचारता, तर आधी जमाखर्च मांडा. वर्गात खरोखर किती आणि कशासाठी मराठी बोलता, हे आपल्याला ठाऊक आहे का? बहुतेक शिक्षकांना नसते. मला तर नव्हतेच. एक साधा उपाय सुचवतो. मागच्या बाकावरच्या एका विश्वासू मुलाकडे मूठभर चिंचोके आणि एक डबा द्या. आपण मराठीत वाक्य बोललात की त्याने एक चिंचोका डब्यात टाकायचा. दोन आठवड्यांनी इथे आकडा लिहा. आकडा लहान आला तर मी माझा आक्षेप मागे घेईन.

नीराकाठ

सर, आव्हान स्वीकारले होते, त्याचा वृत्तान्त देते. लिहायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये घटक चाचणी आली.

पहिल्या दिवशी डब्यात एक्केचाळीस चिंचोके पडले. मला दहा-बारा वाटत होते. हे ऐकून आपण हसाल, याची कल्पना आहे. मात्र आकड्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. तिसऱ्या दिवसापासून मी चिंचोके टाकणाऱ्या मुलाला वाक्य कशाबद्दल होते तेही टिपायला सांगितले. एकूण वाक्यांपैकी जेमतेम सहावा हिस्सा अर्थ किंवा व्याकरण समजावण्यासाठी होता. बाकीची वाक्ये अशी होती : वही काढा, पान उघडा, गप्प बसा, कोण बोलतंय, तुझी वही कुठे आहे, उद्या घेऊन ये, खिडकी लाव, पुन्हा वाच, शाबास. म्हणजे जिथे मुलाला इंग्रजी सहज कळले असते, जिथे रोज तेच वाक्य त्याच प्रसंगी येते, जिथे हातवाऱ्याने अर्थ आपोआप उलगडतो, नेमकी तिथे मी मराठी उधळत होते. आणि प्रशिक्षणाहून आल्यावर बंदी कुठे पाळली, तर ‘ऑल्दो’वर, जिथे मराठीवाचून अडत होते.

त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून उलट केले. वर्ग चालवण्याची सगळी वाक्ये इंग्रजीत. पहिले दोन दिवस मुले एकमेकांकडे पाहत, तिसऱ्या दिवसापासून तीच वाक्ये मधल्या सुट्टीत एकमेकांना ऐकवू लागली. ‘शट द विंडो’ हे वाक्य तर खिडकी नसलेल्या व्हरांड्यातही ऐकू येते. मराठी ठेवली ती अशा ठिकाणी, जिथे दोन भाषांचे सांधे जुळत नाहीत. उदाहरणार्थ ‘पासून’. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून’ही म्हणतो, इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’ आणि दुसऱ्याला ‘फॉर’ लागतो, म्हणून ‘सिन्स थ्री डेज’ ही चूक मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘वर’चेही तसेच : पुस्तक टेबलावर, पंखा डोक्यावर, विमान गावावरून, आपल्या एका ‘वर’चे काम इंग्रजीत तिघे वाटून घेतात. ‘मला भूक लागली’ या वाक्यात कर्ता भूक आहे आणि मी नुसता सोसणारा. इंग्रजीत भुकेला कर्तेपण नाही, तिथे मीच भुकेला असतो. हे मराठीत एकदा बोलून दाखवले की मुले आपल्याच भाषेकडे चकित होऊन पाहतात. आणि एके दिवशी सातपुड्यांच्या त्या मुलीसारखाच प्रश्न आमच्याकडे आला : ‘वी आर गोइंग’ म्हणजे ‘आम्ही जातो’ की ‘आपण जातो’? ज्याला सांगतो तो बरोबर येणार की नाही, हे मराठीत एका शब्दात कळते, इंग्रजीत कळत नाही. त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही, पण तो तास वाया गेला असे मी म्हणणार नाही.

पाटीपेन्सिल यांच्या संथपणाचा मुद्दा मात्र मला अजून सुटलेला नाही. सांधा मराठीत दाखवला की मुले बरोबर लिहितात, पण बोलताना थबकतात. त्यासाठी शब्दवेध यांनी सांगितलेली रचना वापरून पाहिली : वाक्य इंग्रजीत, एकदाच मराठीत, पुन्हा इंग्रजीत, आणि मग मराठी अजिबात नाही, नुसते भराभर आलटून-पालटून बोलणे. काही मुले खुलली, काही अजून ओठ हलवून मनातल्या मनात मराठी जुळवताना दिसतात. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत गेली काही वर्षे माध्यमभाषेत भाषांतराचा पाच गुणांचा प्रश्न असतो, त्यामुळे वरच्या वर्गांत भाषांतर पूर्ण सोडताही येत नाही. निदान त्याची वेगळी तासिका ठेवावी, असा विचार आहे.

शेवटच्या दिवशीचा आकडा नऊ. त्यांतले आठ चिंचोके सांध्यांचे होते आणि एक, दारात साप आला होता त्याचा.

निवृत्त मास्तर

नऊ चिंचोक्यांना माझी हरकत नाही. सापाचाही मान्य. आक्षेप मागे घेतो. भीती मात्र ठेवतो, कारण प्रत्येक वर्गात चिंचोके मोजले जाणार नाहीत.

सातपुडा

उद्यापासून मीही सुरू करतो. माझ्याकडे तीन डबे लागतील : मराठी, हिंदी आणि कोरकू. एक अडचण दिसते ती आधीच सांगतो. कोरकूत मी बोललेले वाक्य बरोबर होते की चुकीचे, हे मोजणाऱ्या मुलालाच ठाऊक असेल. त्यामुळे चुकलेल्या वाक्याचा चिंचोका डब्यात टाकू नकोस, तो माझ्या टेबलावर आणून ठेव, असे त्याला सांगणार आहे.